दोन घटका आकाश

खगोलशास्त्राची प्रयोगशाळा तिच्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी आधीपासून उभी आहे. तिला कुलूप घालता येत नाही आणि तिच्यातील कोणत्याही वस्तूला हात लावण्याची सोय कोणालाच नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत द्रव्ये मिसळता येतात, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत कांद्याची पातळ साल काचपट्टीवर घेता येते. आकाशाच्या बाबतीत मात्र विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो तो केवळ प्रकाश, आणि त्या प्रकाशाची दिशा, वेळ व तीव्रता मोजणे एवढेच त्याला करता येते. या मर्यादेमुळेच ही प्रयोगशाळा सर्वांना खुली होते. कारण दिशा मोजण्यास काठी व ओळंबा, वेळ मोजण्यास घड्याळ आणि तीव्रता ताडण्यास डोळा एवढे साहित्य आरंभाला पुरते, व ते वापरण्यासाठी अकरावी-बारावीला विज्ञान शाखा घेतलेली असावी लागत नाही. असे असूनही कला व वाणिज्य शाखांच्या बहुतेक विद्यार्थ्यांना निसर्गातील एखादी राशी स्वतःच्या हाताने मोजून, तिची नोंद करून, त्या नोंदीवरून निष्कर्ष काढण्याची संधी शाळा सुटल्यानंतर मिळत नाही, आणि शाळेत ती मिळालेली असेलच असेही नाही. ही उणीव कशी भरून काढता येईल, याचा विचार रायगड जिल्ह्यातील कर्जत-खालापूरच्या परिसराच्या संदर्भात करणे विशेष उचित ठरते. कारण आकाशाच्या प्रात्यक्षिकाची एक परंपरा या परिसराच्या अंगणात पूर्वीपासूनच नांदत आली आहे.

मुंबईहून कर्जतकडे येणाऱ्या लोहमार्गावर बदलापूरनंतर वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड आणि कर्जत ही स्थानके लागतात. पश्चिमेस माथेरानचा डोंगर आणि पूर्वेस सह्याद्रीची मुख्य रांग यांच्यामध्ये उल्हास नदीचे हे खोरे पसरलेले आहे, व डोंगरांच्या या आडोशामुळे महानगराचा उजेड येथे काही प्रमाणात अडतो. मुंबईतील हौशी खगोलनिरीक्षकांनी हे फार पूर्वी हेरले. हॅलेच्या धूमकेतूच्या आगमनाच्या सुमारास, १९८५ मध्ये, मुंबईत स्थापन झालेल्या खगोल मंडळाने वांगणी येथे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम अनेक वर्षे चालविले. अशा कार्यक्रमांना येणाऱ्यांत बँकांतील व कार्यालयांतील नोकरदार, गृहिणी आणि सर्व शाखांचे विद्यार्थी असत, आणि सतरंजीवर पडून, अंगावर शाल ओढून, नक्षत्रामागून नक्षत्र ओळखत ते पहाट करीत. ‘विज्ञान शाखेत नसलेल्यांसाठी खगोलशास्त्राचे प्रात्यक्षिक’ ही कल्पना विद्यापीठीय परिभाषेत नवी वाटत असली, तरी कर्जतच्या लोहमार्गालगतच्या शेतांत ती अशी प्रत्यक्षात आलेली आहे.

या घटनेची एक बाजू मात्र विचार करायला लावणारी आहे. आकाश पाहण्यासाठी शहरातील माणसे ज्या गाडीने कर्जतच्या दिशेने येतात, त्याच मार्गाने कर्जत, नेरळ आणि खोपोलीतील तरुण शिक्षणासाठी व नोकरीसाठी सकाळी शहराकडे जातात आणि अंधार पडल्यावर परततात. स्थानकावरून घराकडे चालताना त्यांच्या डोक्यावर जे आकाश असते, ते पाहण्यासाठी दुसऱ्यांनी तिकीट काढलेले असते. परंतु त्या आकाशाची गणना आपल्या शिक्षणाच्या साधनांत होऊ शकते, हे या तरुणांना कोणी सांगितलेले नसते. शहराच्या विजेपासून दूर जाण्यासाठी विज्ञानाने रायगडचा आश्रय घ्यावा, ही गोष्टही या जिल्ह्याला नवी नाही. मुंबईतील कुलाबा येथील चुंबकीय वेधशाळेच्या सूक्ष्म नोंदींमध्ये येऊ घातलेल्या विजेच्या ट्रामगाड्यांमुळे बिघाड होईल, हे ओळखून १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली, आणि तिच्या बांधकामासाठी चुंबकीय गुणधर्म नसलेला पोरबंदरचा दगड वापरण्यात आला. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद त्या वेधशाळेत आजही होते. शहर जे गमावते ते रायगडाकडे उरते, असा याचा अर्थ. आणि जे उरले आहे त्याचा पहिला हक्क रायगडच्या विद्यार्थ्यांचा आहे.

विज्ञानाची पदवी नसताना आकाशाचा गंभीर अभ्यास होऊ शकतो का, ही शंका मराठी वाचकांनी तरी बाळगण्याचे कारण नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) हे कोकणातील मुरूडचे. शाळेत आणि शिक्षक घडविणाऱ्या विद्यालयांत अध्यापन करीत त्यांनी आपले आयुष्य घालविले, आणि त्या नोकरीत राहूनच भारतीय ज्योतिषशास्त्राचा जो इतिहास १८९६ मध्ये प्रसिद्ध केला, तो आजही त्या विषयाचा आधारग्रंथ मानला जातो. येथे ज्योतिषशास्त्र म्हणजे ग्रह-ताऱ्यांच्या गतींचे गणित, भविष्यकथन नव्हे. सामान्य वाचकांसाठी त्यांनी लिहिलेल्या ‘ज्योतिर्विलास’ या पुस्तकाचे दुसरे नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे आहे, आणि या नावात एक संपूर्ण अभ्यासक्रम सामावलेला आहे. घटका म्हणजे अहोरात्राचा साठावा भाग, म्हणजेच चोवीस मिनिटे. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, आणि मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांतील व्याख्यानाचा तास दीर्घकाळ नेमका अठ्ठेचाळीस मिनिटांचाच राहिला. हा योगायोग आहे. तरी दीक्षितांनी सर्वसामान्य माणसाकडे आकाशासाठी जेवढा वेळ मागितला, तेवढाच वेळ महाविद्यालयाच्या वेळापत्रकातील एका चौकटीत मावतो, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

आकाशाविषयी वाचून किंवा ऐकून जे कळते, ते पुरेसे का नसावे, हा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उद्भवतो. त्याचे उत्तर शिक्षणक्षेत्रातील दोन प्रयत्नांवरून मिळते. अमेरिकेत १९८७ मध्ये तयार झालेल्या एका माहितीपटात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाच्या दिवशी तेथील विद्यार्थी, माजी विद्यार्थी व प्राध्यापक अशा तेवीस जणांना उन्हाळा-हिवाळा का होतो आणि चंद्राच्या कला का दिसतात, अशा स्वरूपाचे साधे प्रश्न विचारण्यात आले. त्यांपैकी एकवीस जणांची उत्तरे चुकली. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या अधिक जवळ जाते, हा समज उच्च शिक्षणाने पुसला गेला नव्हता, कारण त्या शिक्षणात त्या समजाची आकाशाशी गाठ घालून देणारा प्रसंगच आला नव्हता. दुसरा प्रयत्न मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शमीन पडळकर व जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातील आदिवासी, ग्रामीण व शहरी शाळांतील मुलांबरोबर केला. पृथ्वी, सूर्य व चंद्र यांचे परस्परसंबंध समजण्यासाठी हातवारे आणि शरीराच्या हालचाली यांचा पद्धतशीर उपयोग कसा होतो, याचा अभ्यास त्यांनी त्यात केला. स्वतःभोवती फिरून दिवस-रात्र ‘करून’ पाहणे हे त्यातील एक साधे उदाहरण. या दोन्हींतून एकच गोष्ट पुढे येते, ती अशी की अवकाशाची कल्पना शब्दांनी पोचत नाही, तिला शरीराची साक्ष लागते, आणि जी गोष्ट हाताने, मानेने, पावलांनी मोजली गेली, तीच पुढे टिकते.

या प्रात्यक्षिकाचे पहिले साधन म्हणजे शंकू, अर्थात सपाट जमिनीवर उभी रोवलेली सरळ काठी. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत वेधाची अनेक यंत्रे वर्णिली आहेत, आणि तरीही सर्वांत श्रेष्ठ यंत्र म्हणून त्यांनी धीयंत्राचा, म्हणजे बुद्धीच्या यंत्राचा गौरव केला आहे, ज्याच्यासोबत एक काठी असली म्हणजे पुरे. काठीभोवती वर्तुळ आखून सकाळी सावलीचे टोक वर्तुळाच्या आत येते तो बिंदू आणि दुपारनंतर ते बाहेर पडते तो बिंदू खुणावला, व दोन्ही बिंदू जोडले, की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. शुल्बसूत्रांत सांगितलेली ही रीत आजही तितकीच अचूक आहे. या रेषेला काटकोनात काढलेल्या उत्तर-दक्षिण रेषेवर सावली आली, म्हणजे ती दिवसातील सर्वांत आखूड झाली, की त्या गावाचा खरा मध्यान्ह झाला. कर्जतच्या विद्यार्थ्यांना येथे पहिला धक्का बसतो, कारण घड्याळात तेव्हा बारा वाजलेले नसतात, तर सरासरीने बारा वाजून सदतीस मिनिटे झालेली असतात. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे, कर्जत सुमारे त्र्याहत्तर पूर्णांक तीन दशांश अंशांवर आहे, आणि पृथ्वीला एक अंश वळण्यास चार मिनिटे लागतात. हा हिशेब वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला अवघड नाही, मात्र त्याचे उत्तर जमिनीवरील सावलीने आधी दिलेले आहे, ही गोष्ट त्याच्यासाठी नवी असते. हीच नोंद वर्षभर ठेवली तर मध्यान्ह फेब्रुवारीत बारा एक्कावन्नपर्यंत पुढे सरकतो आणि नोव्हेंबरच्या आरंभी बारा वीसपर्यंत मागे येतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, या पाठ्यपुस्तकातील दोन वाक्यांचा अर्थ तेव्हा कुठे उलगडू लागतो.

वेळ ही माणसांनी केलेली तडजोड आहे, हे समजण्यासाठी कर्जतच्या विद्यार्थ्यांपुढे रोजचा लोहमार्गही आहे. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि कर्जत यांच्या रेखांशांत सुमारे अर्ध्या अंशाचा फरक असल्यामुळे कर्जतचा मध्यान्ह मुंबईच्या मध्यान्हाच्या आधी सुमारे दोन मिनिटे होतो. प्रत्येक गावाने आपापली सावली प्रमाण मानली असती, तर स्थानकागणिक घड्याळ बदलावे लागले असते, आणि प्रमाणवेळेची गरज रेल्वेबरोबर का निर्माण झाली, हे त्यावरून सहज कळते. भारतीय प्रमाणवेळ १९०६ च्या आरंभी लागू झाल्यावरही मुंबई शहराने आपली स्थानिक वेळ पुढे अनेक दशके सोडली नाही, हा इतिहास कला शाखेच्या विद्यार्थ्याने वाचलेला असला, तरी तो वाद नेमका किती मिनिटांचा होता, हे स्वतः मोजलेल्या सावलीवरून काढणे हा इतिहासाचाही एक वेगळा अभ्यास ठरतो.

सावलीची लांबी मोजली की पुढचे दार उघडते. कर्जतचा अक्षांश सुमारे १८.९ अंश आहे. म्हणून शंभर सेंटिमीटर उंचीच्या काठीची मध्यान्हीची सावली २२ डिसेंबरच्या सुमारास सुमारे ९१ सेंटिमीटर, तर विषुवदिनी, म्हणजे दिवस व रात्र समान असतात त्या दिवशी, सुमारे ३४ सेंटिमीटर पडते. मेच्या मध्यास एक दिवस असा येतो की, सूर्य थेट माथ्यावर असतो आणि काठीला सावलीच उरत नाही. यालाच शून्यसावली दिन म्हणतात. त्यानंतर सूर्य उत्तरेकडे सरकल्याने २१ जूनच्या सुमारास सुमारे आठ सेंटिमीटरची सावली दक्षिणेला पडते, आणि जुलैच्या अखेरीस दुसरा शून्यसावली दिन येतो, जो कोकणातील ढगांमुळे सहसा दिसत नाही. विषुवदिनाची सावली मोजून गावाचा अक्षांश काढता येतो, आणि त्याच अक्षांशाचा ताळा रात्री ध्रुवताऱ्यावरून घेता येतो. हात पूर्ण लांब करून ताणलेली वीत आकाशात जवळजवळ वीस अंश व्यापते, मूठ दहा अंश आणि करंगळी एक अंश व्यापते. कर्जतच्या उत्तर क्षितिजावर धरलेल्या विती​च्या वरच्या टोकाजवळ ध्रुवतारा सापडतो. ज्या गावात जन्म झाला त्या गावाचे पृथ्वीवरील स्थान आपल्याच विती​त सामावलेले आहे, हे कळण्याचा क्षण कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यासाठी मोलाचा असतो.

यापुढचे प्रात्यक्षिक दोन महाविद्यालयांनी मिळून करण्याजोगे आहे. कर्जत आणि सिंधुदुर्गातील सावंतवाडी ही दोन्ही गावे मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. त्यांच्या रेखांशांत जेमतेम अर्ध्या अंशाचा, तर अक्षांशांत सुमारे तीन अंशांचा फरक आहे, आणि हे तीन अंश जमिनीवर दक्षिणोत्तर सुमारे ३३३ किलोमीटर भरतात. एकाच दिवशी दोन्ही ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या मध्यान्ही सावली मोजून सूर्याचा कोन काढला आणि दूरध्वनीवरून आकडे एकमेकांना कळविले, तर तीन अंशांना ३३३ किलोमीटर म्हणजे ३६० अंशांना किती, या त्रैराशिकाने पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटरच्या जवळ येतो. इजिप्तमध्ये इरॅटोस्थेनीसने इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात वापरलेले हेच तत्त्व आहे. परंतु या प्रात्यक्षिकाचे खरे शिक्षण बरोबर उत्तरापेक्षा चुकलेल्या उत्तरात अधिक आहे. मीटरभर काठीच्या सावलीत एका सेंटिमीटरची चूक झाली तर कोनात सुमारे अर्ध्या अंशाची चूक होते, तीन अंशांचे अडीच अंश होतात, आणि पृथ्वीचा परीघ ४८,००० किलोमीटरवर जातो. काठी तिप्पट उंच केली तर तीच सेंटिमीटरची चूक एक-तृतीयांश परिणाम करते, हे खरे. पण सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाचे बिंब असल्याने सावलीची कड धूसर असते, आणि काठीबरोबर ही धूसर पट्टी, जिला उपच्छाया म्हणतात, तीही रुंदावते. मग काठीच्या टोकाला बारीक छिद्राचा पुठ्ठा बांधावा, म्हणजे सावलीच्या जागी सूर्याचे छोटे गोल बिंब पडते व त्याचा मध्य निश्चित करता येतो. चुकीचे कारण शोधणे, उपाय करणे, त्या उपायातून नवी अडचण उभी राहणे आणि तिच्यावर पुन्हा उपाय शोधणे, ही विज्ञानाची खरी रीत आहे, आणि ती शिकण्यासाठी एक काठी, एक पुठ्ठा व एक सुई पुरते.

कर्जतच्या पूर्वेला क्षितिज नाही, सह्याद्री आहे. त्यामुळे सूर्य पंचांगातील वेळेपेक्षा काही मिनिटे उशिरा दिसतो. ही अडचण वाटली तरी तीच या गावाची सर्वांत मोठी वेधशाळा आहे. समुद्रकिनाऱ्यावरील सपाट क्षितिजाला खुणा नसतात. सह्याद्रीच्या कडेला मात्र शिखरे, खिंडी, सुळके आणि कातळटोप्या आहेत, आणि त्या प्रत्येकीला स्थानिक नाव आहे. महाविद्यालयाच्या गच्चीवरून या कडेचे एक रेखाचित्र एकदा काढून घेतले, आणि दर आठवड्याला सूर्य कोणत्या खिंडीतून अथवा शिखरामागून वर आला, याची त्यावर खूण केली, तर उगवतीची जागा वर्षाकाठी सुमारे पन्नास अंशांच्या, म्हणजे पाच मुठींच्या पट्ट्यात मागे-पुढे सरकताना दिसते. विषुवदिनांच्या सुमारास ती रोज जवळजवळ सूर्यबिंबाच्या रुंदीएवढी सरकते, तर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती जणू थबकते आणि २२ डिसेंबरनंतर उत्तरेकडे वळते. येथे विद्यार्थ्याच्या मनात एक प्रश्न आपोआप उभा राहतो: उत्तरायण तर आपण १४ जानेवारीच्या संक्रांतीला मानतो, मग सूर्य तीन आठवडे आधीच का वळला? पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय मंद डोलतो, त्यामुळे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मोजलेले वर्ष आणि ऋतूंचे वर्ष यांत सुमारे ७२ वर्षांत एका दिवसाचे अंतर पडते. या घटनेला अयनचलन म्हणतात, आणि दीक्षितांच्या काळात महाराष्ट्रात पंचांगशुद्धीचा जो मोठा वाद झाला त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. भारतीय ज्ञानप्रणाली हा विषय आता पदवी अभ्यासक्रमाचा भाग झाला आहे. तिचा अभिमान बाळगण्याची सर्वांत प्रामाणिक रीत म्हणजे तिच्या पूर्वसूरींनी जे वेध घेतले, ते स्वतः घेऊन पाहणे.

कला शाखेच्या विद्यार्थ्यांना या प्रात्यक्षिकात दुसरीही एक वाट मोकळी आहे. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकर व कातकरी समाजाच्या अनेक वाड्या आहेत, आणि भातशेती हा येथील जुना व्यवसाय आहे. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेल्या वाणांना तर ‘कर्जत’ हेच नाव आहे. राब भाजणे, पेरणी, लावणी, कापणी या साऱ्यांचे वेळापत्रक पूर्वी नक्षत्रांवर ठरत असे. मयंक वाहिया व गणेश हलकारे यांनी विदर्भातील गोंड, कोलाम, कोरकू आदी समाजांच्या आकाशविषयक धारणांची नोंद केली आहे, आणि सप्तर्षींच्या चार ताऱ्यांत खाट व उरलेल्या तिघांत चोर पाहणारी गोंडांची कल्पना त्यांतून अभ्यासकांपुढे आली. आपल्या वाडीतील वडीलधाऱ्यांजवळ बसून तारे कोणत्या नावांनी ओळखले जात, कोणता तारा दिसला की कोणते काम हाती घेतले जाई, हे विचारून लिहून ठेवणे आणि मग त्या ताऱ्याचा आकाशात शोध घेणे, हे भाषा, समाजशास्त्र व खगोल या तिन्ही विषयांचे एकत्रित प्रात्यक्षिक आहे. त्यात ठाकरवाडीतून येणारी विद्यार्थिनी शिकणारी नसते, शिकविणारी असते. याच ओघात एक साधा पण खोल शोध लागतो. मृगाचा पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, पण तेव्हा मृग नक्षत्र आकाशात कुठेच दिसत नाही. कारण ‘मृग लागला’ याचा अर्थ सूर्य त्या नक्षत्राजवळ पोचला, असा असतो, आणि सूर्याच्या तेजात ते तारे झाकलेले असतात. सहा महिन्यांनी, डिसेंबरच्या मध्यास, तेच नक्षत्र सूर्य मावळताच पूर्वेला डोंगरामागून वर येते आणि रात्रभर दिसते. आजोबांचा पाऊस आणि नातीचे आकाश यांची ही गाठ कोणत्याही व्याख्यानापेक्षा पक्की बसते.

अशा अभ्यासक्रमाची आखणी कोकणच्या ऋतुमानाप्रमाणे व्हायला हवी. पहिले सत्र जूनच्या सुमारास सुरू होते आणि सप्टेंबर उलटेपर्यंत आकाश ढगांनी भरलेले असते; हे महिने साधने तयार करण्यासाठी वापरावेत. कोनमापक, सुतळी व वजनासाठी नट यांपासून उन्नतांशमापक, म्हणजे ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजण्याचे साधन, बनविता येते. जुन्या सीडीच्या तुकड्यापासून वर्णपटदर्शक करून पिवळा बल्ब, ट्यूबलाइट आणि एलईडी यांच्या प्रकाशातील फरक नोंदविता येतो, आणि ताऱ्यांच्या घटकद्रव्यांची ओळख कोणत्या रीतीने पटते, हे त्यावरून समजते. नोव्हेंबर ते मार्च हे प्रत्यक्ष वेधांचे महिने. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सात-सव्वासातला पुरेसा अंधार होतो. म्हणून आठ वाजण्याच्या सुमारास, दोन घटकांत, रात्रीचे सत्र आटोपते व विद्यार्थिनींना घरी परतण्याची चिंता उरत नाही. त्याहून चांगली गोष्ट ही की, यांतील पुष्कळशी निरीक्षणे महाविद्यालयात करण्याची गरजच नसते. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, ही नोंद ज्याने त्याने आपल्या अंगणातून घ्यायची असते, आणि खेड्यातून येणाऱ्या विद्यार्थ्याचे अंगण शहराजवळच्या विद्यार्थ्याच्या गच्चीपेक्षा अधिक अंधारे असल्याने, साधनसंपत्तीची नेहमीची उतरंड येथे उलटी होते. महाविद्यालयाला एखादी तीन-चार इंची दुर्बीण घेता आली, तर गुरूच्या चार मोठ्या चंद्रांच्या जागा लागोपाठच्या रात्री काढून, त्यांतील सर्वांत जवळचा चंद्र सुमारे साडेबेचाळीस तासांत एक फेरी पूर्ण करतो, हेही दाखविता येईल. मात्र दुर्बीण आली नाही म्हणून काम अडू नये. एक सूचना आरंभीच आणि पुनःपुन्हा द्यावी लागते: सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी किंवा दुर्बिणीतून कधीही थेट पाहू नये, त्याचे बिंब छिद्रातून कागदावर घ्यावे. कागद छिद्रापासून मीटरभर दूर धरला तर ते सुमारे नऊ मिलिमीटरचे भरते, आणि आंब्याच्या झाडाखाली भर दुपारी जमिनीवर पसरलेली उन्हाची वर्तुळे हीही सूर्याचीच बिंबे आहेत, हे मग लक्षात येते.

या सगळ्याचा कणा म्हणजे निरीक्षणवही. आपल्या महाविद्यालयांत प्रात्यक्षिकाचे जर्नल दुसऱ्याच्या वहीवरून उतरवून काढण्याची जी सवय रुजली आहे, तिचे कारण विद्यार्थ्यांचा आळस एवढेच नाही. ज्या प्रयोगाचे उत्तर आधीच छापलेले असते, त्यात स्वतःच्या आकड्याला किंमत नसते. चंद्र काल रात्री कोणत्या डोंगरावरून उगवला, याचे उत्तर मात्र कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात नसते. ढग आले तर ‘ढग’ असेच लिहावे लागते, आणि न घेतलेला वेध घेतला असे दाखविले तर पुढच्या आठवड्याची खूण ते खोटेपण उघडे पाडते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ताळेबंदातील एक रुपयाचा फरक बेचैन करतो. तीच बेचैनी निसर्गाच्या नोंदीबद्दल निर्माण झाली, आणि आकड्यासोबत ‘यात एवढी चूक संभवते’ असे लिहिण्याचे धैर्य आले, तर ग्रहणाची भीती घालणाऱ्याला, आकडे फेकून मत मागणाऱ्याला आणि खात्रीचा नफा सांगणाऱ्याला तो एकच प्रश्न विचारील: हे तुम्ही कसे मोजले? विज्ञान शाखेत न गेलेल्या बहुसंख्य नागरिकांना विज्ञानाकडून मिळण्यासारखी हीच सर्वांत मोठी गोष्ट आहे, आणि खगोल-प्रात्यक्षिकाचा आग्रह धरण्याचे मुख्य कारणही हेच आहे.

आता याला व्यवस्थेचीही अनुकूलता आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आणि महाराष्ट्र शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयानुसार पदवीच्या विद्यार्थ्याने आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरील खुले वैकल्पिक विषय घ्यावयाचे असतात, आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला सत्रात तीस तास दिलेले असतात. दोन श्रेयांकांच्या साठ तासांत वर सांगितलेले बहुतेक सारे बसते. काळ मात्र थांबणार नाही. मृगाच्या चार पायांच्या चौकोनात साध्या डोळ्यांनी किती तारे दिसतात, हे मोजणे ही आकाशाची काळोखी जोखण्याची सोपी रीत आहे, आणि विस्तारणारी वसाहत, शेतघरांचे दिवे व महामार्गांचा झगमगाट यांमुळे उल्हासच्या खोऱ्यातील ही संख्या घटत जाणार, हे उघड आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या आरंभी देशातील पहिल्या काळोख्या आकाशाच्या उद्यानाचा मान मिळाला, तो तेथील दिवे विचारपूर्वक बदलल्यामुळे. कर्जतला तो मान मिळो वा न मिळो, येथील विद्यार्थ्यांनी दरवर्षी जानेवारीत हे तारे मोजून वहीत लिहून ठेवले, तर काय गमावले जात आहे याचा पुरावा तरी गावाजवळ राहील.

त्यासाठी कोणत्याही मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या नोव्हेंबरात, पावसाने धुतलेले आकाश मोकळे झाले की, कर्जत आणि खोपोलीच्या महाविद्यालयांनी आपल्या पटांगणात ओळंब्याने तपासून एक काठी सरळ रोवावी, तिच्याभोवती चुन्याने एक वर्तुळ आखावे आणि कला-वाणिज्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दुपारी बारा वाजता तेथे बोलवावे. त्या दिवशी सावली सर्वांत आखूड होण्यास आणखी वीसेक मिनिटे असतील. तेवढी वाट त्यांना पाहू द्यावी.